झाकल्या ताटावरची नजर

लालबागच्या त्या चाळीत मालनच्या खानावळीला पाटी नव्हती, तशी गरजही नव्हती. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिच्या मसाल्याचा वास नाकात शिरायचा आणि नवा माणूस बरोबर दारात येऊन उभा राहायचा. दीड खोली, पोटमाळा, भिंतीला टेकवलेले पाट आणि चुलीशी मालन. नवरा दौलत गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. जेवायला येणारे बहुतेक त्याच्याच गावाकडचे, देवगडच्या अंगाचे. बायकापोरं गावाला ठेवून मुंबईत एकटे राहणारे.

मालन कडक बाई. भात कमी पडला तर स्वतः पेजेवर राहील, पण वाढताना हात आखडणार नाही. खोटं बोलणार नाही आणि कुणाचं ऐकूनही घेणार नाही. तिच्या खानावळीत नियम असा एकच होता. दुसऱ्या पाळीवरून उशिरा सुटणाऱ्याचं ताट वाढून, त्यावर दुसरं ताट पालथं घालून भिंतीशी ठेवायचं. त्या झाकल्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. शेजारी झोपलेल्या माणसाच्या पोटात कावळे कोकलत असले तरी नाही. बारा महिने कष्ट उपसणारा माणूस अपरात्री येऊन ताट उघडतो तेव्हा त्याखाली त्याचा घास असलाच पाहिजे. नाहीतर मग ह्या शहरात त्याचं आहे कोण, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं तो नियम मोडला नव्हता.

तो मोडला संपात.

ब्याऐंशी साली गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. पहिल्या महिन्यांत सगळ्यांना वाटलं, आज ना उद्या मिटेल. मग हळूहळू माणसं गावाला पांगली आणि मालनचे पाट भिंतीला टेकूनच राहू लागले. जे राहिले त्यांना ती होतं त्यातलं वाढायची. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली गुणवंती कोळीण पूर्वी टोपलीभर मासळी आणून द्यायची. आता ती बाजार उठल्यावर उरलंसुरलं आणून टाकायची आणि म्हणायची, "घे गो, नायतर मांजरी खातील. तुझ्या मानसांनी खाल्लेलं बरं."

अशाच एका दिवशी तिने खारवलेल्या सुरमईची एक तुकडी दिली. मालनने ती तळून दौलतच्या ताटात ठेवली आणि ताट झाकलं. दौलत सभेला गेला होता. उशिरा आला, ताट उघडलं, तर भात होता, आमटी होती, तुकडी नव्हती.

खोलीत तेव्हा जेवणारा एकच उरला होता. गणपत. दौलतच्याच वाडीतला, बायको वारल्यावर सहा वर्षांच्या पोरीला घेऊन मुंबईत आलेला. मालनने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"मीच खाल्लंय, वैनी," गणपत खाली मान घालून म्हणाला. "भूक लागलेली."

"भूक मला नाही लागत? ह्यांना नाही लागत?"

"ऱ्हव दे गो," दौलत म्हणाला. "एक तुकडी ती."

"तुकडीचं नाही बोलत मी. झाकल्या ताटाला हात लावला त्याने."

पुढच्याच महिन्यात गणपत ताडपत्री घातलेल्या लॉरीतून गिरणीत कामाला गेला. चाळीत एकच बोंब झाली. पोरांनी त्याच्या नावाने शिमगा केला, त्याची वळकटी गॅलरीतून खाली चौकात भिरकावली. मालनला मात्र जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. ती काशीबाईला म्हणाली, "जो झाकलं ताट उघडतो, तो संपही फोडतो. माणूस एकदाच कळतो."

काशीबाई समोरच्या बाजूला राहायची. चौकापलीकडे तिची गॅलरी, बरोबर मालनच्या दारासमोर. नवरा कधीच गेलेला, मुलगा नोकरीनिमित्त सुरतेला, त्यामुळे चाळीवर लक्ष ठेवायचं सगळं काम तिने आपल्या अंगावर घेतलं होतं.

एका सकाळी गणपत पोरीला घेऊन दारात आला. "पोरीक दोन दिवस ठेव, वैनी. गावाक जावन येतंय." तो गेला तो गेलाच. गावात पोचला नाही, गिरणीतही दिसला नाही. कुणी म्हणे भिवंडीला यंत्रमागावर लागला, कुणी म्हणे दुसरं लग्न केलं. मालनच्या दारात राहिली ती राधा, परकराच्या ओच्यात चार चिंचोके धरून.

ठेवून घेतली. लोक म्हणाले, मालनचं मन मोठं. मालनला स्वतःला ते तितकंसं पटलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं, वाटणाघाटणाला हात हवा होता, आणि दाराशी बसलेलं पोर हाकलायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. एवढंच. पण नजर मात्र त्या दिवसापासून सुरू झाली.

साखरेच्या डब्याच्या झाकणावर ती आपला एक केस ठेवायची. संध्याकाळी बघायची, केस जागच्या जागी. चुलीमागे सुटे पैसे पडल्यासारखे टाकायची. केर काढून झाला की राधा ते आणून द्यायची, "काकी, हे पडलेले." पोरीला मुद्दाम उशिरा जेवायला घालायची आणि तिच्यादेखत ताट झाकून आपण नळावर जायची. परत येऊन ताट उघडून बघे. तळलेला बांगडा शेपटीसकट जागेवर.

दुसरी बाई असती तर सुखावली असती. मालन आणखी धास्तावली. तिच्या बहिणीचा मुलगा सुट्टीत यायचा आणि गुळाची ढेप उंदरासारखी कुरतडायचा. तेव्हा ती हसून म्हणायची, पोरच ते. राधाने गूळ कुरतडला नाही, आणि तेच मालनला खुपायचं. एवढंसं पोर, गुळाकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे मनात काय असेल?

"तिच्याकडे सारखी काय बघतंस?" दौलत एकदा वैतागून म्हणाला. "पोर आसा गो ती."

"गणपतची पोर आहे. खाण तशी माती."

"अगो, साच्यावर कसलीही पोरं यायची. हातात धोटा धरता यायचा नाही. उभं करून शिकवलं की महिन्याभरात लागायची कामाला. माणसाचा तसाच."

"काम शिकवता येतं. नियत शिकवता येते का ते सांगा."

संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही आणि मग त्याच्याकडची उत्तरंही कमी होत गेली. वरळीच्या एका इमारतीत वॉचमनची खुर्ची त्याला मिळाली होती. तिथेच एका दुपारी त्याची छाती दुखली, आणि मालन विधवा झाली. तेव्हा राधा चौदा वर्षांची. दहा दिवस खानावळ त्या पोरीने एकटीने चालवली. अकराव्या दिवशी मालनने डबे उघडून बघितले. सगळं जागच्या जागी होतं. तांदळाच्या पिंपात तर तिला वाटत होतं त्याहून चार मुठी जास्तच. ती तिथेच बसून विचार करत राहिली, ही पोर दहा दिवस जेवली काय?

वर्षं गेली. गिरण्यांच्या जागांवर पत्रे ठोकले गेले, आत काय चाललंय ते कळेनासं झालं. मालनच्या पाटांवर आता कुरियरची पोरं आणि रात्रपाळीचे वॉचमन बसू लागले. राधा एकवीस वर्षांची झाली. सावळी, उंच, कामाला वाघ, बोलायला मोजकी. हातात झारा असला की तिच्यासमोर कुणी जास्तीची आमटीसुद्धा मागत नसे. तीच वाढायची. आणि वाढताना तिचा हात मालनसारखाच मोकळा होता. लोक म्हणायचे, "मालन, अगदी तुझा हात उचललाय पोरीने." मालनला त्यातला 'उचललाय' हा शब्द टोचायचा.

जेवायला येणाऱ्या पोरांत हेरंब नावाचा एकजण होता. परळला कुरियरच्या ऑफिसात होता, राहायला गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागे. मुलगा निर्व्यसनी. त्याने दोन वर्षं इथे जेवण घेतलं, राधाशी चार वाक्यं बोलला असेल नसेल, आणि मग एका शनिवारी त्याची मावशी रमाबाई जिना चढून आली. आईवेगळ्या हेरंबला तिनेच वाढवलं होतं. ठेंगणी बाई, नऊवारी, जिने चढून धाप लागलेली, पण नजर अशी की खोलीत पाऊल टाकताच भांडी घासलेली आहेत की नुसती विसळलेली हे तिला कळलं असावं.

राधा पाण्याला गेली होती. रमाबाई पाटावर बसली आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाप संपात फुटला होता ते आम्हाला ठाऊक आहे. त्याचं मला काही नाही. आमच्या चाळीतही फुटलेले आहेत, आज तेच गणपतीची वर्गणी गोळा करतात. पोरीचं रूप मी येताना नळावर बघितलं. रांधते कशी ते हेरंबच्या अंगावर दिसतंय. मला एकच सांगा. नियत कशी आहे?"

मालनने चहाचं आधण ठेवलं.

"तसं नाही, आमच्यात चाव्या सुनेच्या कमरेला असतात," रमाबाई म्हणाली. "मी आता थकले. तुम्ही पंधरा वर्षं सांभाळलीत. आईबाप खोटं बोलतील मुलीसाठी, तुम्ही नाही बोलणार. लालबागेत कुणालाही विचारलं तर म्हणतात, मालनचा शब्द म्हणजे शब्द. तुम्ही हो म्हटलंत की पुढची बोलणी. नाही म्हटलंत तर चहा पिऊन जाते, राग नाही."

मालनच्या तोंडून 'हो' बाहेर येईना. पंधरा वर्षांत पोरीने तिला एकही कारण दिलं नव्हतं, तरी येईना. "सोमवारी सांगते," ती म्हणाली.

रमाबाईच्या भुवया वर गेल्या. एवढ्या साध्या प्रश्नाला सोमवार लागतो म्हटल्यावर जे समजायचं ते अर्धं ती समजली असणार. चहा अर्धाच पिऊन ती गेली.

राधा कळशी घेऊन दारातच उभी होती. कधीची, कोण जाणे. ती आत येऊन हंड्यात पाणी ओतू लागली.

रविवारी गुणवंतीने एक पापलेट आणून दिलं, ताजं, हाताएवढं. आता तीही म्हातारी झाली होती, धंदा सुनेच्या हातात, पण मालनला विसरायची नाही. मालनने त्याच्या तुकड्या करून सगळ्यात मोठी मधली तळली आणि कुशाबाच्या ताटात वाढली. कुशाबा वॉचमन होता. दोन पाळ्या सलग करून दुपार उलटल्यावर जेवायला यायचा. ताट झाकलं. राधाला सकाळपासून चहाबरोबरच्या एका बटरवर ठेवलं होतं, कामाच्या रगाड्यात सांगून.

"मी दादरला जाऊन येते," मालन म्हणाली. "भाजी संपलीय. तू कुशाबा आला की मग बस जेवायला."

ती जिना उतरली, चौक ओलांडला आणि पलीकडच्या जिन्याने काशीबाईकडे गेली. गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्याआड स्टूल ओढून बसली.

"काय गो, सी.आय.डी.त लागलीस?" काशीबाईने विचारलं.

"गप्प राहा. उद्या मला शब्द द्यायचाय."

"पंधरा वर्षं बघून पोट भरलं नाही तुझं? शितावरून भाताची परीक्षा करतात बाय. तू तर अख्खं पिंप उपसलंस."

"वरचं शीत शिजलेलं असतं. तळाचं कच्चं असतं."

काशीबाईही मग तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. तिला तरी दुसरं काय काम होतं?

पलीकडे दार सताड उघडं होतं. राधाने ओटा पुसला, पाट उभे केले. थोडा वेळ दारात उभी राहिली. मग भिंतीकडे गेली, झाकलेलं ताट उचलून उजेडात आणलं, उंबऱ्याजवळ बसली आणि वरचं ताट काढून बाजूला ठेवलं.

मालन स्टुलावरून अर्धी उठली.

राधाने तुकडी उचलली आणि खाल्ली. घाईघाईने नाही, चोरून नाही. काटा नीट सोडवत, बोटं चाटत, मांडी घालून. खाऊन झाल्यावर काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट पुन्हा झाकलं.

"अगो बाय माझे," काशीबाई कुजबुजली.

मालनच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दुःख? तसं नव्हतं ते. पंधरा वर्षं पाठीवर असलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं तिला वाटलं. आपण चुकलो नव्हतो. पदर खोचून ती चौक ओलांडून वर आली.

राधा तवा घासत होती.

"ताट उघड ते."

"उघडायला कशाला पाहिजे? मी खाल्लीय तुकडी."

हा शब्द, हा सूर मालनने पूर्वी ऐकला होता. "बापावर गेलीस," ती म्हणाली. "शेवटी बापावरच गेलीस."

"दादरला गेली नव्हतीस ना, काकी?"

"मी कुठे गेले ते मला विचारू नको."

"पिशवी खुंटीला आहे तुझी. पिशवीशिवाय तू कधी भाजीला गेली नाहीस. मग दारात आले, तर काशीकाकीच्या लुगड्याखाली चार पाय दिसले." राधाने तवा पालथा घातला. "तू बघत होतीस म्हणून खाल्लं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? केस ठेवायचीस झाकणावर. तो उडायचा, मी परत ठेवायची. पैसे टाकायचीस. ते पडलेत की टाकलेत, मला काय कळत नव्हतं? पडलेले पैसे लांब जातात, टाकलेले ओळीत असतात. एवढी वाट बघत होतीस बिचारी. म्हटलं, जायच्या आधी एकदाचं देऊन टाकावं तुला."

"थापा मारतेस. सापडलीस म्हणून पिशवीचं सुचलं."

"असेल."

"असेल काय? नीट बोल. इतकी वर्षं हात लावला नाहीस तो माझ्या धाकाने, की तुझ्या मनानेच?"

राधा हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

"ते मला काय ठाऊक, काकी?" ती शेवटी म्हणाली. "तू बघायचं कधी थांबलीसच नाहीस. कुणी बघत नसतं तर मी काय केलं असतं, ते मला कधी कळलंच नाही. काका गेले तेव्हा दहा दिवस तू बघत नव्हतीस. तेव्हाही मला वाटायचं, तू बघतेयस. मी पेज पिऊन राहिले."

जिन्यात कुशाबाचे बूट वाजले. राधाने झटकन दोन अंडी फोडली, आपल्या वाटणीचा भात त्याच्या ताटात घातला.

"कुशाबा, तुझी तुकडी मी खाल्ली. हे घे."

"खाल्लीस तर खाल्लीस," कुशाबा पाटावर टेकत म्हणाला. "अंडं काय वाईट आहे?"

मालनने हे पाहिलं, आणि तिला लगेच वाटलं, आपण समोर आहोत म्हणून सांगितलं. आपण नसतो तर सांगितलं असतं का? मग तिला वाटलं, असंच वाटत राहणार. पोर गिरगावात जाईल, तिला पोरं होतील, ती म्हातारी होईल, आणि आपण इथे बसून हेच म्हणत राहू.

रात्रभर तिने कूस बदलली. खरं काय ते सांगायचं तर सरळ होतं. काल तिने झाकल्या ताटातलं खाल्लं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ह्यात खोटं काही नाही. एवढं सांगितलं की रमाबाई उठेल आणि राधा ह्याच खोलीत वाढत राहील, मालन मरेपर्यंत आणि नंतरही. आणि पिशवीचं सांगायचं तर ते पटायला रमाबाई पंधरा वर्षं इथे राहायला हवी होती.

सोमवारी रमाबाई आली. आज धाप थांबायच्या आतच तिने विचारलं.

"बोला. कधी काही उचललं? कधी झाकपाक?"

आत मोरीत भांडी वाजत होती, ती थांबली.

"नाही," मालन म्हणाली.

"कधीच?"

"पंधरा वर्षांत कधीच नाही."

"शनिवारी नाही बोललात हे."

"शनिवारी पोरगी जाणार म्हणून जीव खाली-वर झाला. आम्ही काय दगड आहोत?" मालनला आपलाच आवाज ऐकू येत होता. काय सफाईदार! कुठे अडखळली नाही, कुठे चाचरली नाही. जन्मभर हेच करत आल्यासारखी.

रमाबाईने तिच्याकडे रोखून बघितलं. मग तिचा चेहरा सैलावला. "साखर आणा," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर नेतेय हो."

राधा साखर घेऊन आली. वाकून रमाबाईच्या पाया पडली, मग मालनच्या. मालनने तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण पोर खालीच बघत होती. हसत होती की रडत होती, कळलं नाही. आणि एक विचार पाल चुकचुकावी तसा मालनच्या मनात चुकचुकला. ह्या पोरीने हे सगळं ह्याचसाठी तर केलं नसेल? आपल्याला खोटं बोलायला लावायला? म्हणजे मग ती आणि आपण सारख्याच. पण तिने शिकवलं म्हणावं, तर एका रात्रीत इतकं चांगलं कसं जमलं?

रमाबाई जिना उतरली तशी मालन पायात चपला सरकवून चौक ओलांडून गेली. काशीबाई गॅलरीत तांदूळ निवडत होती आणि रमाबाईच्या पाठमोऱ्या आकृतीवर नजर लावून बसली होती.

"हसत गेली ती बाई," काशीबाई म्हणाली. "सांगितलंस नाहीस काय तिला?"

"काय सांगायचं होतं?"

"अगो, काल आपण दोघींनी बघितलं ते!"

"तू काय बघितलंस? तुला मोतीबिंदू आहे."

"तो एका डोळ्याला आहे."

"मग त्याच डोळ्याने बघितलं असशील."

काशीबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मालनकडे बघितलं, मग समोरच्या उघड्या दाराकडे, जिथे राधा ओटा पुसत होती.

"बरं बाय," ती म्हणाली. "त्याच डोळ्याने."

मालन निघाली, पण जिन्यापाशी जाऊन थांबली. काशीबाई तोंडाने सैल, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. गिरगावात तिची भाची राहायची. लग्नाला अजून महिना-दीड महिना तरी होता. ती परत फिरली, काशीबाईशेजारी बसली, सुपातले मूठभर तांदूळ पुढ्यात ओढले आणि म्हणाली, "दे, मी निवडते. तुला खडे दिसायचे नाहीत."